न तपासलेलं कापड

सेलेस्तिनो आर्चुलेताने आयुष्यात दोनेकशे बलून मारले असतील. मारले म्हणजे काय, तर चिमट्याने कापड ओढून बघितलं, ते फाटलं, आणि त्याने बलूनच्या मालकाला सांगितलं, "कापड गेलं." त्यापुढे एक शब्द नाही. आल्बुकर्कीतल्या बलून-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं त्याच्या शेजारच्या मशीनवर शिवत होते. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

गरम हवेच्या बलूनचं कापड मोठं फसवं. रंग जात नाही, चमक जात नाही, पण बर्नरची आच आणि आमच्याकडचं ऊन त्याला आतून खात राहतं. म्हणून दरवर्षी तपासणी. इंचभर रुंदीचे दोन चिमटे, एकाला ताणकाटा. तीस पौंडांपर्यंत ओढायचं आणि तिथे धरून तीनपर्यंत आकडे मोजायचे. टिकलं तर उडा. फाटलं तर वर्कशॉपच्या आमच्या म्हाताऱ्या मालकाने घालून दिलेली पद्धत होती, की ज्याचा बलून त्यानेच कापडाला आडवी कात्री लावायची. म्हणजे पुन्हा कुणाला ते उडवायचा मोह नको. कात्री सेलेस्तिनो द्यायचा. ट्रक चालवणारे, खाणीत काम केलेले, एक तर निवृत्त शेरीफ, असले आडदांड पुरुष ती कात्री हातात धरून हमसून हमसून रडायचे. सेलेस्तिनो खिडकीशी जायचा, त्यांच्याकडे पाठ करून कॉफी प्यायचा आणि बाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघायचा. कात्रीचा आवाज थांबला की वळायचा. मला तो तेव्हा दगड वाटायचा आणि मी तसं त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

कापडाचा एवढा जाणता माणूस, पण स्वतः जन्मात कधी वर गेला नाही. शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याला घाम फुटायचा. उडायची त्याची बायको, ओफेलिया. तिच्या निळ्या-पिवळ्या बलूनचं नाव 'ला तेर्का', म्हणजे हट्टी बाई. नाव नवऱ्याने ठेवलं होतं आणि तिने ते हौसेने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. एकतीस वर्षं ती वरून गेली आणि हा खालून पिकअप घेऊन तिच्या मागे धावला. "माझ्या नवऱ्याचे पाय कायम जमिनीवर असतात," ती चारचौघांत म्हणायची. हा हसायचा.

दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली. ला तेर्का पिशवीत बांधून गॅरेजमध्ये गेली, आणि तेव्हापासून तिची तपासणी झाली नाही. गेल्या फेब्रुवारीत ओफेलिया गेली. दफनाच्या दिवशी सेलेस्तिनोने लोकांना खुर्च्या मांडून दिल्या, पोसोलेच्या रश्श्याची पातेली उचलली, पाद्रीबाबांची गाडी बर्फातून ढकलून दिली. डोळ्यांत टिपूस नाही. त्याआधीच्या वर्षी म्हातारा मालक वारला आणि वर्कशॉप बंद झालं, तेव्हाही त्याचा चेहरा असाच होता. आठवण म्हणून तो चिमटा मी नेला, तो तेव्हापासून माझ्या गाडीच्या डिकीत आहे. त्याने काहीच नेलं नाही.

सप्टेंबरात त्याच्या नातीने, ओदालिसने, त्याच्याकडे झोळी मागितली. दोन झाडांना बांधून रानात झोपायची असते ती. पोरगी एकोणीस वर्षांची, शनिवारी मैत्रिणींबरोबर हेमेसच्या डोंगरात जाणार होती.

"कोमाद्रे, कापड बघायला येतेस?" त्याने फोनवर विचारलं. माझ्या मुलाचा तो धर्मपिता, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोंपाद्रे. सात महिन्यांत त्याने आपणहून केलेला हा पहिला फोन. त्याचं बोलणं संपायच्या आधी मी हो म्हटलं.

मंगळवारी आम्ही दुकानात गेलो. त्याने एकेक तागा चोळला, तिरका ओढला, तोंडाशी धरून त्यातून फुंकर मारली.

"हे ताणलं जातं. पोरगी सकाळी जमिनीला टेकलेली सापडेल."

"मग ते करडं?"

"कागदासारखं वाजतं. तिने कूस बदलली की अख्खं रान जागं होईल."

"आणि हे?"

"यातून हवाच जात नाही. घामाने भिजेल."

शेवटी एक शेवाळी हिरवं नायलॉन निघालं. घट्ट चौकटींची वीण, म्हणजे फाटलं तरी चीर पुढे पळत नाही. हाताला मऊ, वाजत नव्हतं, फुंकर आरपार जात होती. मी म्हटलं, "हे घे आणि चल. जेवायची वेळ झाली." त्याने ते दोनदा ओढून बघितलं, नीट घडी घातली आणि परत ठेवलं.

"बघू," म्हणाला.

मी चिडले. तो गाडीत जाऊन बसल्यावर मी त्यातलं चार यार्ड कापून घेतलं आणि माझ्या डिकीत टाकलं. का घेतलं, तेव्हा सांगता आलं नसतं.

गुरुवारी दुपारी मी भाजलेल्या हिरव्या मिरच्या घेऊन त्याच्या घरी गेले. गॅरेजमधून मशीनचा आवाज येत होता. टेबलावर झोळी जवळजवळ तयार होती. निळी आणि पिवळी.

मी काही बोलायच्या आत ओदालिस आली, टाचांवर उड्या मारत. "बघितलीत ना, मावशी? ग्रांपोंनी ग्रांमाच्या बलूनची झोळी केली! आमच्या कॅम्पजवळ एक घळ आहे, तिच्या दोन्ही काठांना पाइन आहेत. मी मध्ये बांधणार. खाली नुसती हवा!"

"कंबरेच्या वर बांधायची नाही," सेलेस्तिनो मशीनवरून मान न उचलता म्हणाला.

"तुम्ही खुर्चीवर चढायलासुद्धा घाबरता, ग्रांपो. तुम्ही नका सांगू," ती म्हणाली, आणि मिरच्यांची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात पळाली.

मी झोळीची किनार हाताखालून पूर्ण फिरवली. चिमटा लावला की कापडावर दातांच्या दोन ओळी राहतात, त्या कधी जात नाहीत. इथे एकही नव्हती.

"ओढून बघितलंस?"

"दिसतंय ना चांगलं."

बावीस वर्षं प्रत्येक बलूनमालक त्याला हेच सांगत आला होता, आणि मालक निघून गेल्यावर तो त्यांची नक्कल करायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आपण काय बोललो ते त्याला ऐकूही आलं नव्हतं.

"कोंपाद्रे, तिकडे घळ आहे. पोरीची पाठ मोडेल."

"बलून नाहीये तो. झोपायचंय फक्त."

"तू वेडा आहेस का?"

त्याने मशीन थांबवलं. "मला काही वाटत नाही, कोमाद्रे," तो म्हणाला. साधंच बोलत होता, पाणी मागावं तसं. "फेब्रुवारीपासून नाही. पाय बधिर होतो ना, तसं सगळं आहे. टोचून बघतो, लागत नाही. म्हटलं, पोरगी यात झोपली तर निदान हे तरी वर जाईल."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मीही त्या सात महिन्यांत कशी जगत होते ते मलाच माहीत. रोज उठून शिवायचं काही नाही, ओफेलियाचा सकाळचा फोन नाही. मला फक्त थकल्यासारखं झालं. मी गाडीकडे गेले आणि चिमटा घेऊन आले.

"मी ओढणार नाही," तो म्हणाला.

"मी ओढते. तू आकडे मोज."

झोळीच्या मधोमध, जिथे पोरीची कंबर येणार, तिथे मी चिमटे लावले आणि ओढायला लागले. काटा दहावर गेला, पंधरावर गेला. त्याला मोजायला तोंड उघडावं लागलंच नाही. अठरावर कापड टर्रकन फाटलं.

"ते वरचं आहे," तो घाईने म्हणाला. "शेंड्याकडचं. तिथे आच जास्त लागते. खालचं बघ, तोंडाजवळचं."

मालक लोक दुसरं वाक्य हे म्हणायचे.

त्याने पिशवीतून उरलेलं कापड ओढून काढलं. खालचा पिवळा पट्टा बावीसवर फाटला. शेजारचा निळा वीसवर. तो एकेक पट्टा माझ्यासमोर धरत होता, हे बघ, आता हे बघ, आणि मी ओढत होते. नऊ ठिकाणी ओढलं. शेवटी त्याने अक्षरांचा पट्टा पुढे केला. त्यातला 'तेर्का'मधला मोठा 'T' ओफेलियाने स्वतः ठिगळ लावून शिवला होता. शिवण टिकली. तिच्या शेजारचं कापड चोविसावर गेलं.

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"कापड गेलं," मी म्हटलं.

आतून ओदालिस कुणाशी तरी फोनवर हसत असल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "ते हिरवं कापड माझ्या डिकीत आहे. मंगळवारीच घेतलंय. उद्या संध्याकाळपर्यंत दोघं मिळून शिवू."

त्याने मान हलवली. मग मी भिंतीवरची मोठी कात्री काढली आणि मुठीकडची बाजू त्याच्याकडे करून पुढे धरली. त्यानेच मला शिकवलं होतं, मालकाला कात्री अशी द्यायची.

त्याने ती घेतली. झोळी टेबलावर पसरली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, पिवळ्या कडेला कात्रीचं तोंड लावलं. चेहरा फेब्रुवारीतलाच होता. कात्री उघडीच राहिली.

"कोमाद्रे."

"काय?"

"तू जरा खिडकीशी जा ना."

मी गेले. त्याच्याकडे पाठ केली. बाहेर माझीच गाडी उभी होती, धुळीने माखलेली, डिकी अर्धवट उघडी राहिलेली. मागे कात्री चालायला लागली. थोडी गेली आणि थांबली. आवाज थांबला की वळायचं असतं. मी वळले नाही, गाडी बघत राहिले.