दसऱ्याच्या मुहूर्ताची स्पोर्ट्स सेडान

"ही गाडी तुम्हीच ठेवा. आबा बसत नाहीत तिच्यात, मग मला काय करायचीय?"

सुदामशेठ मुंगसेंनी चावी काउंटरवर ठेवली. चाकणजवळच्या गावात त्यांचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. दसऱ्याला त्यांनी आमच्याकडून लक्झरी स्पोर्ट्स सेडान घेतली होती. कंपनीच्या गाड्यांत सगळ्यात लहान, पण गावात तशी पहिलीच. दीड महिन्यात ते तिसऱ्यांदा आले होते आणि तक्रार एकच होती : गाडी फार आदळते.

मी पिंपरीत या गाड्यांच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सीनियर टेक्निशियन. सोळा वर्षं गाड्यांच्या खाली गेली. फोरमनच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं, फक्त पत्र यायचं बाकी होतं.

या गाडीचं बाजारात एक नाव आहे. पळायला एक नंबर, वळणावर रस्ता सोडत नाही, आणि त्यासाठी स्प्रिंगा जरा कडक. यूट्यूबवाले हेच सांगतात, आमचे सेल्सवालेही हेच सांगतात. त्यामुळे कुणी 'आदळते' म्हटलं की आमचं उत्तर तयार असायचं, "साहेब, स्पोर्ट्स सस्पेन्शन आहे." पहिल्या खेपेला मी टायरमधली हवा थोडी कमी करून दिली. दुसऱ्या खेपेला चाकांची अलाइनमेंट केली आणि स्वतः चक्कर मारली. पुढून दणके बसत होते, खोटं कशाला बोलू? पण मी गाडीत बसण्याआधीच उत्तर ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या खेपेला सुदामशेठसोबत त्यांचे वडील आले, आबा. बैलगाडा शर्यतीतला जुना माणूस. त्यांचे बैल वर्षानुवर्षं शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, पळालेले. काउंटरवरची चावी त्यांनीच उचलून माझ्या हातात दिली.

"मास्तर, एक डाव तुमी चालवा. मी पुढं बसतो."

आम्ही मोशीच्या दिशेने निघालो. सुदामशेठ मागे, तोंड फिरवून. एका स्पीडब्रेकरवरून गाडी गेली आणि आबा म्हणाले, "परत त्येच्यावरनंच घ्या. हळू."

घेतली. मग आणखी एकदा घेतली.

"हिचं पुढलं पाय आखडल्यात," आबा म्हणाले. "म्हागलं बरं हायेत."

"आबा, स्पोर्ट्स गाडी कडकच असते."

"आसंल की. पळणारा बैलबी कडकच आसतो. पर चारी पायांनी कडक आसतो. दोनच पाय कडक म्हंजी दुखणं हाय."

मला हसू आलं होतं, ते मी दाबलं. आबांनी गाडी कडेला घ्यायला लावली. खाली उतरून त्यांनी दोन्ही हात बॉनेटवर ठेवले आणि सगळा भार टाकला. गाडी हलली नाही. मग मागे जाऊन डिकीवर तसाच भार टाकला. गाडी दोन बोटं खाली गेली आणि वर आली.

"बगा," ते म्हणाले.

मला आता कळलं होतं.

नवी गाडी कारखान्यातून ट्रेलरवर येते. वाटेत ती उसळू नये म्हणून पुढच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांमध्ये कडक रबराचे ठोकळे बसवतात. त्यांना स्पेसर म्हणतात. ग्राहकाला गाडी देण्याआधी आम्ही ती तपासतो, त्या तपासणीला पीडीआय म्हणतात. त्यात गाडी लिफ्टवर उचलायची आणि हे ठोकळे काढायचे. काढले नाहीत तर स्प्रिंग दबतच नाही.

वर्कशॉपला येऊन गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांत स्पेसर तसेच होते. फाइल काढली. पीडीआयच्या कागदावर 'स्पेसर काढले' या ओळीपुढे टिक होती आणि खाली सही माझी.

दसऱ्याचा तो दिवस डोळ्यांपुढे आला. डिलिव्हऱ्या ओळीने लागलेल्या, लिफ्ट एकही रिकामी नाही. बाहेर मुंगसेंचं सगळं घर, हार, नारळ, पेढे आणि घड्याळाकडे बघणारे गुरुजी. सेल्सवाला माझ्यामागे धावत आलेला. "राव, सही कर ना, मुहूर्त चाललाय!" गाडी लिफ्टवर न घेताच मी उभ्या उभ्या सगळ्या ओळींपुढे टिक मारून सही केली होती.

आमचे मॅनेजर पाटणकर सर. त्यांना केबिनमध्ये सांगितलं.

"काढून टाक," ते शांतपणे म्हणाले. "जॉबकार्डवर 'सस्पेन्शन सेटिंग केलं' असं लिही. गाडी मऊ झाली की तेच पेढे आणतील."

"आणि विचारलं तर?"

"कोण विचारतंय? तुझं पत्र एचआरकडे आहे, एवढं लक्षात ठेव."

सर वाईट नव्हते. माझंच भलं बघत होते. मी स्पेसर काढले आणि जॉबकार्डवर 'सस्पेन्शन सेटिंग' असं लिहिलंसुद्धा. फक्त सही राहिली होती.

दोघांना घेऊन पुन्हा चक्कर मारली. त्याच स्पीडब्रेकरवरून गाडी अलगद उतरली. सुदामशेठ मागून पुढे सरकून बसले.

"आता चाल सुधारली," आबा म्हणाले. "काय केलं?"

स्पेसर माझ्या खिशातच होते. 'सेटिंग' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण या माणसाने नुसत्या हातांनी दुखणं शोधलं होतं, आणि त्यालाच मी थाप मारणार होतो. मला लाज वाटली. गाडी थांबवून मी दोन्ही ठोकळे त्यांच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं.

सुदामशेठ भडकलेच. "दीड महिना गावात लोक म्हणत होते, नावालाच मोठी गाडी! आणि तुम्ही मलाच शिकवत होता स्पोर्ट्स म्हणजे काय ते?"

आबांनी ठोकळा उलटसुलट करून पाहिला.

"सही कुनाची व्हती?"

"माझी."

"आन् मुहूर्ताची घाई कुनाची व्हती?" हे त्यांनी मुलाला विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. "आमचीच. पर मास्तर, बगायचं काम तुमचं व्हतं."

"हो, आबा."

"मग झालं. सुदाम, तू चालव. मी बसतो."

जॉबकार्ड मी खोडून पुन्हा लिहिलं, जे झालं तेच. पाटणकर सरांनी ते वाचलं आणि तसंच पुढे पाठवलं. मला वॉर्निंग लेटर मिळालं, फोरमनची जागा दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं, फार वाटलं. रावेतला घरी दोन दिवस धड जेवण गेलं नाही. पण त्या प्रकरणातून एक गोष्ट कायमची शिकलो. तक्रार गाडीच्या ख्यातीशी जुळली की आपण गाडी तपासत नाही, ख्यातीच सांगत बसतो.

पुढच्या दसऱ्याला मुंगसे पुन्हा आले. धाकट्या भावासाठी तीच गाडी. तोच गोंधळ, तेच हार. सेल्सवाला कागद घेऊन धावत आला, "राव, सात मिनिटं उरलीत!"

मी काही बोलायच्या आत खुर्चीवर बसलेले आबा म्हणाले, "आदी वर उचला. पाय बगू द्या, मग नारळ."

गाडी वर गेली. आबा माझ्याशेजारी वाकून खाली बघत राहिले. बाहेर गुरुजींनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि मुहूर्त टळल्याचं सांगितलं. मी पुढचे दोन्ही ठोकळे काढले, चारही स्प्रिंगांवरून हात फिरवला, मग कागद घेतला आणि सही केली.