वन्संची भिंत

आमच्या नाटकगृहाच्या मागच्या दाराशी एक दगडी भिंत होती. प्रवेशाची वेळ होईपर्यंत मी तिला पाठ टेकून संवाद घोकत असे. भिंतीवर तळहाताएवढा करडा डाग होता. तो जिवंत आहे, हे मला माझ्या धाकट्या नणंदेने सांगितलं.

वन्सं विद्यापीठात जीवशास्त्राचं संशोधन करायच्या. मला न्यायला एकदा आल्या आणि मला सोडून भिंतीलाच जाऊन चिकटल्या. म्हणाल्या, "हे दगडफूल, वहिनी. बुरशी आणि शेवाळाचा संसार. एकीने छप्पर धरायचं, दुसऱ्याने रांधायचं."

त्यानंतर दर वर्षी त्या यायच्या, डागावर पारदर्शक कागद धरून त्याची कडा गिरवायच्या आणि मागच्या वर्षीच्या कागदावर ठेवून बघायच्या. वाढ किती, तर नखाच्या जाडीएवढी. तेवढ्यावर बाई दिवसभर खूश. सासूबाई म्हणायच्या, "लोकांच्या मुली नाटक बघायला जातात, आमची नाटकाची भिंत बघायला जाते."

मी एकदा शहाणपणा केला. वाढतं म्हणजे जिवंत, एवढंच ना, असं विचारलं. वन्सं हसल्या. मिठाचा खडाही वाढतो, म्हणाल्या. ज्योत खाते, तिला हवा लागते, एकीच्या दोन होतात. म्हणून तिला कोणी जिवंत म्हणत नाही. पेशी हव्यात, बाहेरून ऊर्जा घेऊन आतला कारभार सांभाळता यायला हवा, बाहेर काही बदललं तर त्याला उत्तर द्यायला हवं, आणि वाढून आपल्यासारखं दुसरं घडवता यायला हवं. एका लक्षणावर निकाल द्यायचा नाही. मला पटलं. मुकुट घातला म्हणून राणी होता येत नाही, हे मी रंगमंचावर शिकले होते.

पुढे त्यांच्या प्राध्यापकांचा धीर सुटला. या वर्षी काही ठळक दाखवा, नाहीतर हा विषय सोडा, असं त्यांनी बजावलं. वन्संचं जेवण निम्म्यावर आलं. आणि त्याच वर्षी कागदावर कागद ठेवला, तर डाग एका बाजूने चांगला बोटभर सरकलेला!

मी तर पेढे वाटायच्या तयारीत होते. वन्संचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी भिंतीवर पाणी शिंपडलं. जुना डाग पाणी पिऊन हळूहळू हिरवट झाला, आतलं शेवाळ दिसू लागलं. नवा भाग नुसता ओला होऊन चकाकत राहिला. मग त्यांनी भिंग लावलं आणि मला बोलावलं. नव्या भागात कुंचल्याचा एक केस अडकला होता.

नाटकाचे पडदे रंगवणारे, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, ते तिथेच उभे होते. त्यांनी लगेच कबूल केलं, तेही अभिमानाने. "ताई दर वर्षी येतात, एवढंसं वाढलं तरी हरखतात. यंदा काळजीत दिसल्या. म्हटलं, आपल्या हातात कला आहे, थोडा हातभार लावू." छटा इतकी हुबेहूब जुळवली होती की रागवायचं कसं, हाच प्रश्न.

मी हळूच म्हटलं, पाणी शिंपडायला दुसरं कोण येणार आहे? विषय तर वाचेल. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, दमल्यासारखं. "मग मी काय बघत होते इतकी वर्षं, वहिनी?"

दुसऱ्याच दिवशी त्या प्राध्यापकांकडे गेल्या आणि सगळं सांगून आल्या. मात्र रिकाम्या हाताने गेल्या नव्हत्या. मामांच्या कुंचल्याने एका बाजूची जिवंत कडा झाकली होती, दुसरी मोकळी होती. एकच जीव, एकच दगड. एका कडेला उजेड, दुसरीला नाही. दोन्हींची तुलना करू द्या, असं त्यांनी मागितलं. प्राध्यापक म्हणे आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, एक वर्ष.

ते वर्ष आमच्या घरात भिंतीच्या तब्येतीची चौकशी झाल्याशिवाय जेवण होत नसे. मामा तर भिंतीजवळून अनवाणी गेल्यासारखे चालत.

वर्ष सरलं. मोकळी कडा नेहमीसारखी नखाच्या जाडीएवढी पुढे गेली होती. झाकलेली कडा जागची हलली नव्हती; पण तिथल्या रंगाचे पोपडे सुटले होते, आणि एका फटीतून राईएवढं करडं काहीतरी डोकावत होतं. वन्संनी पाण्याचा थेंब सोडला. वन्सं, मामा आणि मी भिंतीला नाक लावून उभे. माझ्या कुठल्याही प्रवेशाला प्रेक्षक इतके गप्प बसले नव्हते.

ठिपका हिरवा झाला.

वन्सं लगेच निकाल देईनात. पेशी बघते, मग बोलते, म्हणाल्या. पण तेवढ्यात कागद धरून त्या ठिपक्याची कडा गिरवायलाही लागल्या. मामांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि परत देताना म्हणाले, "हा गडी माझ्यापेक्षा हळू रंगवतो. पण पोपडे सुटत नाहीत याचे."