उसवणबाई

शिवणवर्गाच्या बाईंना पाठीमागे सगळ्या जणी उसवणबाई म्हणायच्या, आणि ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. नियमच तसा होता ना त्यांचा! "बाई, हे बरोबर आहे का?" असं जिनं विचारलं, तिनं तिथल्या तिथे आपली एक शिवण उसवायची. मग ती शिवण सरळ असो नाहीतर वाकडी. "मला काय विचारतेस? डोळे तुला, कापड तुझं!" एवढं बोलून बाई चहा प्यायला मोकळ्या.

पोस्टमनची धाकटी पहिल्या महिन्यात इतकं उसवायची, की थोरली तिला चिडवायची, "अगं, तू शिवायला जातेस की उसवायला?" धाकटी अगदी रडकुंडीला यायची. घरी भाजीत मीठसुद्धा विचारून टाकणारी पोरगी ती, तिचं दुसरं काय होणार?

अशात वडिलांच्या निवृत्तीचा दिवस ठरला, आणि निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्या अंगावर आपण शिवलेलाच कोट असणार, असा धाकटीनं चंग बांधला. कापड भारी, पण जेमतेम एका कोटापुरतं. कात्री चुकली की संपलं. त्यात बत्तीस वर्षं पिशवी वाहून वडिलांचा डावा खांदा चांगला दोन बोटं खाली आलेला.

या वेळी बाईंनी न विचारताच सांगितलं, "डाव्या खांद्यात जाड पॅड घाल. दोन्ही खांदे सारखे दिसतील. सगळे शिंपी हेच करतात."

धाकटीनं आधी जुन्या चादरीचा कोट टाचला आणि पॅड घालून वडिलांच्या अंगावर चढवला. दिसायला झकास! पण वडिलांनी सवयीनं समोरच्या काकांना हात केला, तसा तो कोट थेट कानाशी जाऊन बसला. "छान आहे हो," ते मान आखडून म्हणाले. लेकीचं मन मोडायचं नव्हतं बिचाऱ्यांना.

दुसऱ्या दिवशी धाकटी बाईंपुढे उभी राहिली.

"बाई, पॅड नको. मी डावी बाजू दोन बोटं उतरती कापणार आहे."

सगळ्या मशीन थांबल्या.

"आणि बिघडलं तर?"

"तर मी बिघडवलं."

बाईंनी मोठी कात्री तिच्याकडे सरकवली.

कार्यक्रमात वडिलांनी येणाऱ्या प्रत्येकाला हात उंचावून नमस्कार केला आणि कोट जागचा हलला नाही. खांदा उतरलेलाच दिसत होता, पण त्याचं कुणाला काय! "धाकटीनं शिवलाय," हे त्यांनी एकेकाला तीन-तीनदा ऐकवलं.

सोमवारी बाई एका सुताराचा कोट घेऊन बसल्या होत्या. त्याचा उजवा खांदा उतरलेला. पॅड न घालता त्यांनी बाजू शिवली, चष्मा वर केला, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि हाक मारली.

"धाकटे, इकडे ये बरं. हे बरोबर आहे का गं?"

धाकटीनं उसवायचं ब्लेड उचललं आणि हसू दाबत बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"मला काय विचारता बाई? डोळे तुम्हाला, कापड तुमचं!"

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग चष्मा पुसून, मुकाट्यानं आपली शिवण उसवायला बसल्या.