कुर्डूपुढची मोकळी जागा

घोडेगावच्या सायबर कॅफेत मी झाडलोट करायचे. बाजारच्या दिवशी डोंगराकडची एक बाई येऊन पडद्याकडं बघत एकटीच हसायची. कुणा पुरुषाला लिहीत असणार, असा मला संशय.

एकदा तिनंच बोलावून दाखवलं. लोक हौसेनं इंटरनेटवर रानभाज्यांची यादी जमवत होते, प्रत्येक भाजीपुढं सांगणाऱ्याचं नाव. हीही त्यात लिहायची. तिच्या ओळींखाली एकानं लिहिलं होतं, "ताई, तुम्ही रेसिपी टाका. भाज्यांच्या नावांचं आम्ही बघतो."

तिनं एका बोटानं उत्तर दिलं, "भाऊ, चाईचा कोंब कधी खुडलाय का? नसंल तर चुलीचं तुमी बघा."

"काढून टाकतील तुमाला," मी म्हणाले.

"परत लिवीन. आक्का, तुमी एक भाजी सांगा, तुमच्या नावानं टाकते."

मी कुर्डू सांगितली. माझं नाव सांगितलं नाही. कुठं कुठं पाठवील, कुणास ठाऊक.

पुढच्या बाजारी तिची यादी तशीच होती. कुर्डूपुढची जागा तिनं मोकळी ठेवली होती.