पुरेशी माहिती उपलब्ध नाही

मंदी आली तेव्हा मी दुबईतल्या एका प्रॉपर्टी वेबसाइटच्या ऑफिसात नवी होते. कुठल्या देशातले लोक सर्चमध्ये कुठला शब्द किती शोधतात, याचे आलेख काढणं हे माझं काम. त्यासाठी एक फुकट साधन होतं. शब्द टाकायचा, देश निवडायचा, की रेघ उमटायची. सगळ्यात उंच बिंदू म्हणजे शंभर, बाकी सगळं त्याच्या मानाने. शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत, हे मला दर मीटिंगमध्ये सांगावंसं वाटायचं. पण मी मीटिंगमध्ये बोलत नसे. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहीत असे.

दुबईतल्या फ्लॅटची रेघ सगळ्या देशांत खाली आली होती. मॅनेजर म्हणाले, वर जाणारं काहीतरी शोध. मी शोधलं. अमिरातीतून इंग्रजीत ‘कार्गो टु इंडिया’, म्हणजे घरचं सामान मायदेशी पाठवणं, वर चाललं होतं, ‘व्हिसा कॅन्सलेशन’ तर सरळ उभं. अरबीत व्हिसाबद्दलचे प्रश्न वेगळे होते, बहुतेक घरकामाला माणूस कसा आणायचा याचे. एकच शब्द, पण एका भाषेतले लोक कुणाला तरी आणायचं बघत होते आणि दुसऱ्या भाषेतले स्वतः जायचं. भारतात आणि फिलिपीन्समध्ये ‘दुबई जॉब्स’ची रेघ मात्र फारशी हलली नव्हती. निघणाऱ्यांची बातमी येणाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती.

माझ्या आलेखावरून आमच्या सेल्सवाल्यांनी जाहिरातींसाठी कार्गो कंपन्यांना गाठलं. साइटवर जिथे टॉवरचे फोटो झळकायचे तिथे पुठ्ठ्याचे खोके झळकू लागले. माझं कौतुक झालं. त्याच आठवड्यात बाबांना नोटीस मिळाली.

बाबा एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होते. आम्ही शारजात, अल नहदामध्ये राहायचो आणि आम्हा तिघांचं तिथलं राहणं त्यांच्या व्हिसावर होतं. मीही अजून त्यांच्याच व्हिसावर, कारण ऑफिसने मला कायम केलं नव्हतं. नोटीस संपली की व्हिसा रद्द, त्यानंतर महिनाभराची मुदत, मग खलास. त्याआधी बाबांना दुसरी नोकरी मिळाली तरच घर राहणार होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये नोकरी गेली असं कुणी म्हणत नसे. लोक ‘लाँग लीव्ह’वर जात, मुलांच्या शिक्षणासाठी जात, आईवडिलांच्या तब्येतीसाठी जात. एका कुटुंबाने सोफाही सुट्टीवर नेला. आईला ही सगळी कारणं वापरून झालेली वाटली असावीत. तिने खालच्या मजल्यावरच्या आंटींना सांगितलं की मुलीसाठी स्थळं बघायला आम्ही काही महिने पुण्याला जाणार आहोत. हे मला लिफ्टमध्ये कळलं, अभिनंदन झाल्यावर. मी थँक यू म्हटलं.

आई सुपरमार्केटमधून रिकामे खोके आणून, चपटे करून सोफ्यामागे उभे करत होती.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवणानंतर बाबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, तुझ्या त्या आलेखात ‘अबू धाबी जॉब्स’ टाक. मी टाकलं. रेघ उंच गेली होती.

“म्हणजे तिथे कामं आहेत,” बाबा म्हणाले.

“बाबा, हा शोधणाऱ्यांचा आकडा आहे. कामांचा नाही.”

आयुष्यभर त्यांनी सिमेंट आणि सळ्या मोजल्या होत्या; जे नाही त्याचीही इतकी नेटकी मोजदाद होते, हे त्यांना पटायला वेळ लागला असावा. मग ते एकेका ठिकाणाचं नाव सांगू लागले आणि मी टाकत गेले. अल रीम आयलंड, फुजेरा, रास अल खैमा. शेवटी त्यांनी गयाथी सांगितलं, अबू धाबीच्याही पलीकडे, सौदीच्या दिशेला वाळवंटातलं गाव. रेघ आलीच नाही. पुरेशी माहिती उपलब्ध नाही, असं एक वाक्य आलं.

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. ऑफिसात मी एकदा देवनागरीत ‘नोकरी’ टाकून बघितलं होतं, तेव्हाही हेच आलं होतं. अमिरातीतल्या मराठी माणसांना कसलीच काळजी नाही, असा अर्थ त्यातून कुणीही काढला असता. खरं म्हणजे सगळे इंग्रजीत टाइप करत होते आणि मराठीत स्थळं बघायला जात होते.

“इथे रांग नाही,” बाबा म्हणाले.

“काही नसेलही तिथे.”

“असेलही.”

तेवढ्यात बेल वाजली. आंटी होत्या, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. त्या रत्नागिरीच्या, त्यांच्या घरच्यांचा शारजातल्याच रोल्ला भागात किराण्याचा होलसेल धंदा. बसता बसता त्यांनी आईला विचारलं, मुलगा काय करतो? आई म्हणाली, अजून तसं नक्की नाही.

“लग्न वगैरे काही नाही, वहिनी,” बाबा म्हणाले. “माझी नोकरी गेली आहे.”

आईने डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं.

“ते ठाऊक आहे, भाऊ,” आंटी म्हणाल्या. “पण तुम्ही सांगितल्याबगर आम्ही विचारायचं कसं? म्हटलं, लग्नाचं विचारावं, मग तुम्हीच काहीतरी बोलाल.”

मग त्यांनी बाबांना पहिल्यापासून सगळं विचारलं: काय काम करता, किती वर्षं, साइटवर राहायची तयारी आहे का. त्यांचे दीर पश्चिमेकडच्या लेबर कॅम्पांना भाजी-धान्य पुरवायचे. कुठल्या कंपनीला कसली माणसं हवीत, हे त्यांना जेवणाऱ्यांच्या ताटांवरून कळायचं. त्यांनी तिथल्या तिथे दिरांना फोन लावला. मी लॅपटॉप बंद केला.

महिन्याची मुदत संपायच्या आत बाबांना काम मिळालं. गयाथीला नव्हे, पण त्याच रस्त्यावर थोडं अलीकडे. पगार कमी, राहायला साइटवरच पत्र्याची पोर्टा केबिन, गुरुवारी संध्याकाळी बसने घरी. व्हिसा झाला, घर राहिलं. आम्ही पुण्याला का गेलो नाही, असं आंटींना दोनतीन जणांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं म्हणे, की मुलीला स्थळ पसंत पडलं नाही.

मी मात्र दर आठवड्याला बाबांच्या त्या जागेचं नाव टाकून बघत असे, सवयीने. बरेच महिने तेच वाक्य येत राहिलं. मग एका सकाळी तिथे रेघ आली, एकदम शंभराला टेकलेली. मी बाबांना फोन केला.

“बरोबर,” ते म्हणाले. “रोज कोणीतरी सीव्ही घेऊन गेटवर येतंय.” मग म्हणाले, “आईने ते खोके टाकले नाहीत ना?”

मी सोफ्यामागे बघितलं. खोके होते.