फळ्यावरचा पुढचा आठवडा

"पुढच्या आठवड्यात बघा!" असं म्हणून ते बोटांवरची खडूची भुकटी फुंकरीने उडवायचे आणि दोन पावलं मागे सरून फळ्याकडे बघत राहायचे. नवरीला सजवून झाल्यावर करवली बघते ना, तसं.

पिंपरी पेंढारला स्टँडजवळ त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं शिवणकामाचं. मध्ये पत्र्याची भिंत. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. केबल गावात यायची होती, सरकारी टीव्ही दाखवील ते बघायचं. त्यात सिनेमा आणि गाणी कधी लागतात हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. भाऊंच्या फळ्यावर मात्र उरलेलं सगळं असायचं. 'रविवारी सकाळी : पृथ्वीच्या पोटात काय आहे.' 'मंगळवारी : जुनी नाणी बोलतात.' 'गुरुवारी : शास्त्रीय गायन. मध्येच उठू नये.'

हे शेवटचं त्यांच्या पदरचं. वर्तमानपत्रात एक ओळ यायची, भाऊ तिची चार ओळींची जाहिरात करायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जेवणापेक्षा आवतणाचाच ज्याला आनंद जास्त. कार्यक्रम पुष्कळदा रटाळ निघायचा. पण भाऊंनी सांगितलेला कधीच रटाळ नसायचा.

एकदा ताऱ्यांवरचा कार्यक्रम होता. भाऊ गिऱ्हाइकांना सांगत होते, "आपल्या खोडदला त्या मोठ्या तबकड्या हायेत ना, त्या आभाळाकडं कान लावून बसल्यात. तारं काय बोलत्यात ते ऐकत्यात."

भाजीची पाटी घेऊन एक म्हातारी थांबली होती. तिने विचारलं, "काय बोलत्यात रं?"

भाऊंनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते पुढच्या आठवड्यात."

मी पत्र्याच्या अलीकडे हसून हसून सुई बोटात टोचून घेतली.

एक खोड मात्र होती. घरच्या टीव्हीला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. वहिनी बिचाऱ्या भाकरी थापता थापता लागेल ते ऐकायच्या. लेक धीट होती, ती भांडायची. तिचं लग्न बेल्ह्याला झालं. सासरा बैलांचा व्यापारी, अंगाने धिप्पाड आणि बोलायला तुटक. घरात टीव्ही होता, बेल्ह्याला केबलही आधीच आली होती. भाऊ गेले की तिथे हमखास कुस्त्या चालू असायच्या आणि परत येऊन भाऊ मला म्हणायचे, "ताई, लई अवघड हाय."

मग ती मंडळी आली. खोडदच्या त्या दुर्बिणीच्या तबकड्यांचं चित्रीकरण करायला टीव्हीची माणसं शहरातून आली होती. त्यांची कसलीशी वायर तुटली, ती जोडून घ्यायला मंडळी भाऊंकडे थांबली. फळा बघून त्यांच्यातल्या बाईंना मोठी गंमत वाटली. खेड्यात लोक टीव्हीवर काय बघतात, यावरही त्यांचा एक कार्यक्रम निघायचा होता. त्यांनी भाऊंना फळ्याशेजारी उभं केलं. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं, म्हणून पुढचं छातीवर हात ठेवून सांगते.

बाईंनी विचारलं, लोक काय बघतात? कॅमेरा लागल्यावर माणसाला जरा चढतेच. भाऊ म्हणाले, "आमचं गाव अडाणी हाय. निस्ती गाणी पायजेत. माझा व्याही बैलं वळखतो, पर टीव्हीफुडं बसला की त्याच्यात आन् बैलात लई फरक न्हाई!"

सगळे हसले. मीही हसले. हसू ओसरल्यावर भाऊ सावकाश बोलले, "पर त्याच्या घरात बटण माझ्या लेकीच्या हातात हाय. ती लावंल ते तो बघतो. कुस्त्या आमी तिथं गेलो की, पावण्यांसाठी लावत्यात. माझ्या घरात मी बायकूलाबी हात लावू देत न्हाई. येवढं मोठं मन माझ्यात न्हाई." यातलं कुस्त्यांचं गुपित त्यांना लेकीनेच सांगितलं होतं. एरवी हे त्यांनी जन्मात कबूल केलं नसतं.

पुढचे दिवस भाऊ जमिनीवर नव्हते. फळ्यावर एकच कार्यक्रम. पण फळ्याने भागेना, म्हणून त्यांनी लग्नाला देतात तशा अक्षता घेऊन घरोघर आवतण दिलं. माणसं विचारायची, "लगीन कुणाचं?" भाऊ म्हणायचे, "माझंच समजा." बेल्ह्याला जाऊन व्याह्यांना सहकुटुंब बोलावलं. माझ्याकडून क्रीम रंगाचा सदरा शिवून घेतला. मी म्हटलं, "भाऊ, टीव्ही तुम्हाला बघणार आहे का तुम्ही टीव्हीला?" तर म्हणाले, "कॉलर कडक पायजे."

त्या संध्याकाळी दुकानापुढे ताडपत्री अंथरली होती. टेबलावर टीव्ही. मागे आळीतल्या बायका मासवड्यांच्या वळकट्या कापत होत्या, रश्श्याचा वास स्टँडपर्यंत गेला होता. वीज जाईल या धास्तीने भाऊ सारखे खांबाकडे बघत होते. व्याही पहिल्या रांगेत, त्यांच्यामागे लेक डोक्यावर पदर घेऊन बसलेली. भाऊंनी व्याह्यांच्या पाठीमागे उशी दिली.

पडद्यावर आमचा फळा दिसला तेव्हा टाळ्या पडल्या. मग भाऊ दिसले. भाऊ म्हणाले, आमचं गाव अडाणी हाय. भाऊ म्हणाले, व्याह्यात आन् बैलात लई फरक न्हाई. आणि पडद्यावर कुठलंसं दुसरंच गाव आलं.

बस, एवढंच. पुढचं कापलं होतं. मी वाट बघत राहिले, आता दाखवतील, मग दाखवतील. कार्यक्रम संपला. वीज गेली नाही. त्या वेळी वीज गेली असती तर मी नवस फेडला असता.

भाऊ टीव्हीच्या बाजूला त्या कडक कॉलरच्या सदऱ्यात उभे होते आणि त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर कशी येते ते मला त्या दिवशी समजलं. माझे कान तापले. त्यांच्याकडे बघवेना, आणि नजर काढून घ्यावी तर तेही त्यांना दिसणार.

व्याही उठले, धोतर झटकलं. वहिनी पुढे येऊन म्हणाल्या, "पानं वाढल्यात, दोन घास घ्या." ते म्हणाले, "आमचं प्वाट भरलं." लेकीने आईकडे पाहिलं नाही. ती त्यांच्यामागून खाली मान घालून टेम्पोत चढली.

उरलेलं गाव जेवलं. अडाणी म्हणवून घेऊनही जेवलं, हा गावाचा मोठेपणा म्हणायचा. पण नंतर कित्येक दिवस दुकानापुढून जाणारा प्रत्येक जण "भाऊ, अडाण्यांसाठी काय हाय आज?" म्हणून जायचा. फळा कोरा होता.

त्या दिवाळीला लेकीला माहेरी पाठवलं नाही. वहिनींनी करंज्या केल्या आणि डब्यातच ठेवल्या. मला राहवेना. मी दिसेल त्याला कापलेलं बोलणं सांगत सुटले. लोक म्हणायचे, "तू शेजारीण, तू सांभाळूनच घेनार." भाऊंच्या कानावर गेलं तेव्हा ते माझ्या दुकानात आले. पहिल्यांदाच चप्पल बाहेर काढून आले.

"ताई, नका सांगत जाऊ."

"का? खोटं आहे का ते?"

"त्यांनी फुडलं कापलं. पर पयलं त्यांनी माझ्या तोंडात घातलं न्हवतं. ते माझंच व्हतं."

मी मशीन सुरू केलं.

बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी भाऊ आणि वहिनी निघाले. वहिनींनी मला सोबत घेतलं. बैलांच्या गर्दीत व्याही उभे होते. तिथे सौदा तोंडाने होत नाही, हातांवर टॉवेल टाकतात आणि खालून बोटं दाबून भाव सांगतात. भाऊ समोर गेले आणि कार्यक्रम सांगायच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "पावणं, चार लोकांत तुमाला बैल म्हणलो. चार लोकांतच माफी मागतो. चूक माझी हाय, पोरीला..."

बाजार थांबून बघायला लागला. व्याह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, भाऊंच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. बराच वेळ धरली.

"झाला सौदा," व्याही म्हणाले. "आता वरडू नगा. बैलं बुजत्यात."

कापलेलं बोलणं भाऊंनी तिथेही काढलं नाही. माझ्या ओठावर आलं होतं, ते मी गिळलं.

लेक येऊ-जाऊ लागली. घरचा टीव्ही भाऊंनी वहिनींच्या हवाली केला, आणि वहिनींनी आयुष्यभराची गाणी एका वर्षात ऐकून घेतली. फळ्यावर मात्र त्यांनी पुन्हा खडू टेकवला नाही. कोणी चिडवलं, "भाऊ, पुढच्या आठवड्यात काय?" तर म्हणायचे, "कुणाला ठावं." त्यांच्या तोंडी ते शब्द फार वाईट वाटायचे.

पुढे केबल आली, दुरुस्तीचं काम आटलं, आणि एका उन्हाळ्यात भाऊ गेले. क्रीम रंगाचा सदरा ट्रंकेत घडी करून ठेवलेला निघाला.

त्यानंतर एकदा कापड आणायला बेल्ह्याला गेले असताना मी लेकीच्या घरी डोकावले. व्याही आता थकलेत, खाटेवर बसून होते. समोर टीव्हीवर समुद्राच्या तळाशी कसलेसे मासे फिरत होते आणि कोणीतरी गंभीर आवाजात माहिती सांगत होतं. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "कुस्त्या नाही का लावल्या आज?"

"माझ्या हातात कुठं हाय?" ते म्हणाले. "पैल्यापासनं सूनबाई लावंल ते. आमी अडाणी मानसं."

लेक पदराला हात पुसत चहा घेऊन आली. पडद्यावरचे मासे संपत आले होते. तिने कप माझ्या हातात दिला आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, फुडच्या आठवड्यात देवमासा हाय."

व्याह्यांनी मान डोलावली. मी चहात बघत राहिले.