आयर्लंडच्या रस्त्यावरच्या पाट्या

निपाणीहून बेळगावला येताना बसमध्ये माझ्या शेजारी बेळगावजवळच्या मच्छे गावच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची लेक आयर्लंडमध्ये नोकरीला होती. पुढच्या महिन्यात मायलेकी तिथल्या समुद्रकाठानं दोन-तीन दिवस गाडीनं फिरणार होत्या. मोबाईलवर नकाशा होता आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं बोट जिभेला लावून त्या तो सरकवत होत्या. यात्रेला निघताना करतात तसं त्यांनी आधी डबा कुठं सोडायचा ते ठरवलं होतं, मुक्काम नंतर.

"ह्या कड्यावर वारं लई हाय म्हनं. भाकरी उडून जाईल. हितं खाली बसू."

मी अजून गोव्याचाही समुद्र पाहिलेला नाही. मला त्यांचा रागच आला.

मग त्यांनी लेकीनं पाठवलेला रस्त्याचा फोटो दाखवला. पाटीवर वर तिथली आयरिश भाषा होती, खाली इंग्रजी.

"आक्का, कुणी काळं फासत नाही?"

"कशाला फासतील रं? मानसं वाट चुकतील की."

आमच्याकडे बेळगावात पाटीवर कानडीबरोबर मराठीही हवी, एवढंच मागताना वडिलांनी लाठ्या खाल्ल्या. त्याच मागणीची पत्रकं वाटत मी वाढलो. या बाई मात्र तसल्या पाट्यांखालून आरामात जाणार होत्या, आणि त्यांचं सगळं लक्ष सावलीची जागा शोधण्यात असणार होतं. आपली भाषा आहे ना, हे पाटीकडे मान वर करून बघायचीही गरज पडू नये, हे सुख मला समुद्राहून जास्त हवं होतं.